गुणतक्त्यातील रंगामागचा नियम वाचणे

उद्देश : संगणकावरील गुणतक्त्यात आपोआप उमटणारा रंग कोणत्या नियमाने उमटतो, हे मॅक्रोच्या साहाय्याने शिक्षकास तपासता यावे.

प्रास्ताविक : वाचन चाचणीत मागे पडलेल्या मुलांचे गुण तांबडे दिसावेत, अशी सोय एक्सेलमध्ये करता येते. तीस कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. जादा तासिकेसाठी मुले निवडताना आपली नजर तांबड्या घरांवरच जाते. म्हणून नियम चुकला, तर ज्यास मदतीची खरी गरज आहे ते मूल नजरेतून सुटते.

रंग का फसवितो : समजा, ४० मुलांचे ५० पैकी गुण सी२ ते सी४१ या घरांत असून १८ पेक्षा कमी गुणांस तांबडा रंग दिला आहे. दुसऱ्या तक्त्यातून काही ओळी नकलून येथे चिकटविल्या, की तेथील नियमही सोबत येतो. तेथील मर्यादा १५ असेल, तर १६ गुण मिळविणारे मूल एका ओळीत तांबडे व दुसऱ्या ओळीत पांढरे दिसेल. तसेच 'गैरहजर' हा शब्द किंवा अक्षररूपाने साठविलेली संख्या यांस असा नियम लागू होत नाही. ते घर पांढरेच राहते.

कृती : प्रथम तक्त्याची प्रत काढून त्या प्रतीवरच काम करावे. आल्ट व एफ११ या कळा एकत्र दाबाव्यात आणि इन्सर्टमधून मॉड्यूल घ्यावे. पुढील नावे रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता टंकावीत.

१. ॲक्टिव्हशीटमधील सेल्सचा फॉरमॅटकंडिशन्स हा संग्रह घ्यावा. त्याचा काउंट म्हणजे पानावरील नियमांची संख्या.

२. एक ते काउंट अशी फॉर-नेक्स्टची फेरी लावावी. नियम धरणारे चल ऑब्जेक्ट या प्रकारचे ठेवावे, कारण सर्व नियम एका जातीचे नसतात.

३. प्रत्येक नियमाचा टाइप आधी वाचावा. तो १ असल्यास नियम घरातील मूल्यावर आहे. मग ऑपरेटर व फॉर्म्युला१ वाचावे. ऑपरेटर ५ म्हणजे 'पेक्षा जास्त', ६ म्हणजे 'पेक्षा कमी'. टाइप २ असल्यास नियम सूत्रावर आहे. तेथे केवळ फॉर्म्युला१ वाचावे. रंगपट्टी, चिन्हे इत्यादी प्रकारांस हे प्रश्न विचारल्यास मॅक्रो अडतो, ते वगळावेत.

४. अप्लाइजटूचा ॲड्रेस वाचावा. नियम कोणत्या घरांस लागू आहे, हे त्यावरून कळते.

५. प्रत्येक उत्तर डीबग-प्रिंटने छापावे व कंट्रोल-जी दाबून पाहावे.

वरील उदाहरणात सी२ ते सी२५ साठी =१८ आणि सी२६ ते सी४१ साठी =१५ अशी दोन उत्तरे मिळाली, की दोष कोठे आहे हे तत्काळ कळते.

सूचना : घराच्या इंटिरिअरचा कलर वाचून हा रंग कळत नाही, तेथे हाताने भरलेला रंगच मिळतो. प्रत्यक्ष दिसणारा रंग हवा असल्यास एक्सेल २०१० पासून उपलब्ध असलेला डिस्प्लेफॉरमॅट वापरावा. अनोळखी ठिकाणाहून आलेला मॅक्रो चालवू नये.

स्वाध्याय : आपल्या वर्गाच्या तक्त्यातील सर्व नियम छापून घ्यावेत. मर्यादेच्या अगदी खालचे, मर्यादेइतके व तिच्या वरचे असे तीन गुण प्रत्येक पट्ट्यात भरून रंग पडताळावा. त्यानंतरच मूळ तक्त्यावरून जादा तासिकेची यादी करावी.