असमान करार आणि एक तळटीप

भारत-नेपाळ मैत्री करारावर ३१ जुलै १९५० रोजी नेपाळच्या बाजूने खुद्द पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांनी आणि भारताच्या बाजूने केवळ राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी सही केली, आणि दर्जाच्या या तफावतीचे शल्य नेपाळी राजकारणातून अद्याप गेलेले नाही, हे ज्या प्राध्यापकांनी मला प्रथम सांगितले त्यांनीच पुढे माझ्याशी जो व्यवहार केला तो पाहता, दुर्बल पक्षाची मानहानी हा त्यांच्या लेखी केवळ व्याख्यानाचा विषय होता असे म्हणणे मला भाग आहे.

हिमालयीन राज्यांशी झालेले करार आणि प्रादेशिक सुरक्षा हा माझ्या प्रबंधाचा विषय. भूतानशी १९४९ साली झालेल्या करारातील दुसरे कलम, ज्यान्वये परराष्ट्रव्यवहारात भारताचा सल्ला भूतानने मानावयाचा होता, ते २००७ मध्ये बदलले. ज्या सिक्कीमशी १९५० च्या डिसेंबरात संरक्षित राज्याचा करार झाला ते १९७५ मध्ये भारतात विलीन झाले. नेपाळचा करार मात्र टीकेचा धनी होऊनही कायम राहिला. मला स्वारस्य होते ते त्या कराराबरोबर दिल्या-घेतल्या गेलेल्या आणि १९५९ पर्यंत गुप्त राहिलेल्या पत्रांत. त्यांच्यापायी मी नेपाळी शिकलो, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याचे जुने दप्तर चाळीत एक आख्खा हिवाळा काढला. हेच प्राध्यापक माझे मार्गदर्शक, आणि त्यांचा आग्रह बॅरी ब्यूझान यांच्या सिद्धांताचा होता. शेजारी राष्ट्रांची सुरक्षा परस्परांपासून अलग काढून पाहता येत नाही, हे त्याचे सार. तेही प्रकरण मी लिहून दिले. पत्रांवरचे प्रकरण मात्र त्यांच्याकडे महिनोन्‌महिने पडून राहिले, विचारले की उत्तर एकच, "वाचतोय अरे, घाई कसली?"

प्रबंध सादर करण्यापूर्वी साम्य-तपासणीचा जो अहवाल येतो तो माझ्या हाती ठेवताना ग्रंथालयातील कारकुनांनी मान वर केली नाही, याचे कारण मला पहिले पान उलटताच कळले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य असते. माझे त्याहून पुष्कळ अधिक भरले होते, आणि मी ज्या लेखावरून चोरी केली असे यंत्राचे म्हणणे होते तो लेख माझ्या मार्गदर्शकांचा होता. मी ते त्रैमासिक मागवून घेतले. परिच्छेद माझे, क्रम माझा; इतकेच काय, एका फाइलीची अखेरची पाने पाहणीच्या वेळी गहाळ होती अशी जी तळटीप मी दिली होती तीही शब्दशः तेथे होती. ज्या गृहस्थांनी त्या वाचनकक्षाची पायरीही कधी चढली नव्हती, त्यांनी ही पाहणी केव्हा केली असावी? मी ती तळटीप पुनःपुन्हा वाचली आणि मला प्रथम राग नव्हे, हसू आले.

त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी चहा मागवला. "नाव कुणाचंही असो, विषय पुढे गेला ना? आणि तुझं नाव आभारात आहे की," असे ते म्हणाले. आभारात होते, हे खरे. आडनाव मात्र चुकीचे छापले होते.

आता जे या वाटेने येणार आहेत त्यांच्यासाठी. नाव नोंदविण्यापूर्वी 'शोधगंगा'वर त्या मार्गदर्शकांच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून पाहा, आणि त्यांतील मजकूर गुरुजींच्या नंतरच्या लेखांत उतरला आहे काय हे ताडून पाहा; हे काम एका दुपारचे आहे. प्रकरण हाती देऊ नका, ई-मेलने धाडा, म्हणजे तारखेचा दाखला राहतो. अभिलेखागारातील मागणीपत्रांच्या नकला जपा. माझी बाजू उभी राहिली ती त्यांच्यावर. विषय निवडताना कागद खुले आहेत की नाहीत हे आधी पाहा: १९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर प्रबंधाची मांडणी करू नये. शेजाऱ्याची भाषा शिका. वृत्तपत्रे नित्य वाचा, प्रकृतीला जपा, हेही सांगावयाचे असते म्हणून सांगतो.

तक्रारीबाबत एक गोष्ट ध्यानात असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे अशा तक्रारी पाहणाऱ्या विभागीय समितीचे अध्यक्षपद विभागप्रमुखांकडे असते, आणि आमचे मार्गदर्शकच विभागप्रमुख होते. कचेरीतून मला "अर्ज विभागामार्फत द्या" असे सांगण्यात आले, म्हणजे आरोपीच्याच हाती फिर्याद. विभागप्रमुखांविरुद्धची तक्रार संस्थेच्या समितीपुढे जाते हे मी वाचून ठेवले होते. मी अर्ज तेथे रुजू केला आणि पोच घेतल्याशिवाय हललो नाही. समितीने माझा प्रबंध निर्दोष ठरविला. लेखाविषयी तिने 'योग्य ती कार्यवाही' करण्याची शिफारस केली. तो लेख आजही त्यांच्याच नावावर आहे, आणि यंदाही त्यांच्याकडे नवे विद्यार्थी नोंदले गेले आहेत.