अल्गोलचे उलटे गणित

जानेवारीच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून मान वर करा. शर्मिष्ठा आणि कृत्तिका यांच्या मधल्या भागात ययाती हा तारकासमूह दिसेल. त्यातला तेजस्वितेत दुसरा तारा म्हणजे अल्गोल. नाव अरबी आहे आणि त्याचा अर्थ राक्षस. एरवी दुसऱ्या प्रतीचा असणारा हा तारा ठरावीक काळाने मंदावत जातो, ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. या उतारचढावाला मिळून सुमारे दहा तास लागतात. अगदी मंद असताना त्याचा प्रकाश नेहमीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असतो.

या घटनेची नियमितता प्रथम पकडली ती इंग्लंडमधील यॉर्क शहरातल्या जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या मुलाने. लहानपणापासून त्याला ऐकू येत नव्हते. नोव्हेंबर १७८२ पासून त्याने शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करीत रात्रीमागून रात्र अल्गोलची नोंद ठेवली. दोन मंदत्वांमधील काळ २ दिवस २० तास ४९ मिनिटे भरतो. एखादे काळोखे पिंड ताऱ्याभोवती फिरत असून ते मध्ये येत असावे, अशी एक शक्यता त्याने १७८३ मध्ये मांडली. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. १७८६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो वारला.

त्याच्या तर्काला पुरावा मिळायला शंभरावर वर्षे जावी लागली. १८८९ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे फोगेल यांनी अल्गोलचा वर्णपट तपासला. मंदत्वापूर्वी त्यातील रेषा तांबड्या बाजूला सरकतात आणि मंदत्वानंतर निळ्या बाजूला. म्हणजे तारा आधी आपल्यापासून दूर जातो व मग जवळ येतो. तो कुणाभोवती तरी फिरतो आहे, हे ठरले. जोडीदार मात्र अगदीच काळोखा नाही. तेजस्वी तारा त्याच्या पुढे येतो तेव्हाही प्रकाश किंचित घटतो. ही बारीक घट १९१० मध्ये स्टेबिन्स यांनी सेलेनियमच्या प्रकाशमापकाने टिपली. (एक तिसरा ताराही या दोघांभोवती सावकाश फिरतो, आज त्याला बाजूला ठेवू.)

दोन तारे असे एकमेकांभोवती फिरत असले की खगोलशास्त्रज्ञाच्या हाती जणू तराजू येतो. हलका तारा जास्त वेगाने फिरतो, जड तारा कमी वेगाने. वेगांच्या गुणोत्तरावरून वस्तुमानांचे गुणोत्तर मिळते आणि ग्रहणाच्या कालावधीवरून ताऱ्यांचे आकार. मंद जोडीदाराच्या रेषा तेजस्वी ताऱ्याच्या प्रकाशात बुडून जात. त्या वेगळ्या ओळखता आल्या १९७८ मध्ये. आकडे असे आहेत: तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३.२ पट, मंद ताऱ्याचे ०.७ पट. दोघांमधील अंतर केवळ ९३ लाख किलोमीटर, म्हणजे सूर्य आणि बुध यांच्यामधल्या अंतराच्या एक-षष्ठांश!

आता गोम पाहा. मंद तारा हलका असूनही आकाराने मोठा आहे. त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपला असून तो म्हातारपणी फुगतो आहे. त्याचा जड सोबती मात्र ऐन तारुण्यात आहे. दोघे जन्मले एकाच वेळी. मग आधी म्हातारे कोणी व्हायला हवे?

गणित करून पाहा. ताऱ्याचे तेज ढोबळमानाने वस्तुमानाच्या ३.५ व्या घातानुसार वाढते. वस्तुमान तिप्पट झाले तर इंधन तिप्पट होते, पण खर्च होतो सुमारे ४७ पट. म्हणजे आयुष्य सूर्याच्या एक-पंधरांश. श्रीमंताच्या उधळ्या मुलासारखी ही गत! उलट ०.७ वस्तुमानाच्या ताऱ्याला इंधन पुरते सुमारे २४०० कोटी वर्षे. विश्वाचे वयच १३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे अल्गोलमधल्या त्या हलक्या ताऱ्याला म्हातारे व्हायला अजून वेळच मिळालेला नाही. तरीही तो म्हातारा आहे. एक तर ताऱ्यांच्या आयुष्याचा सिद्धांत चुकीचा, नाही तर आपण काहीतरी विसरतो आहोत.

१९५५ मध्ये क्रॉफर्ड यांनी सुचवले: आज जो हलका आहे, तो पूर्वी जड होता.

हे कसे घडते ते समजायला सह्याद्रीची धार आठवा. धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणात उतरतो, पूर्वेला पडलेला देशावर. दोन जवळच्या ताऱ्यांमध्येही गुरुत्वाकर्षणाची अशी धार असते आणि दोघांना जोडणाऱ्या रेषेवर तिच्यात एक खिंड असते. धारेच्या आतले ते क्षेत्र एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच गणिती रोश यांच्या नावाने ओळखतात. मूळचा जड तारा आधी वयात आला, फुगला, आपले क्षेत्र भरून खिंडीपर्यंत पोहोचला आणि त्याचा वायू पलीकडे वाहू लागला. वस्तुमान घटले की दोघांतले अंतर कमी होऊन त्याचे क्षेत्र आणखी आक्रसते, त्यामुळे प्रारंभी हा लोंढा जोरात वाहतो. वजनांची अदलाबदल होऊन गेल्यावर तो संथ होतो. अल्गोल आज या संथ अवस्थेत आहे. १९६७ मध्ये जर्मनीतील किपेनहान आणि वायगर्ट यांनी संगणकावर अशा जोड्यांचे आयुष्य पायरीपायरीने मांडून दाखवले. सिद्धांत वाचला, चुकले होते ते फक्त प्रत्येक ताऱ्याला एकटा समजणे. आपली पाठ्यपुस्तके अजूनही बहुधा तसेच समजतात.

लोंढा प्रत्यक्ष चालू असल्याचा पुरावा हवा असेल तर अभिजितजवळच्या बीटा लायरी या ताऱ्याकडे वळा. त्याचे रूप पालटते हेही गुडरिकनेच १७८४ मध्ये ओळखले. तेथे हलका तारा जड ताऱ्याला वायू देतो आहे. असे झाले की अंतर वाढते आणि फेरीचा काळ लांबतो. सुमारे १३ दिवसांची ती फेरी दर वर्षी १९ सेकंदांनी लांबते आहे.

अल्गोलची ग्रहणे तुम्ही नुसत्या डोळ्यांनी मोजू शकता. देवयानीतील गॅमा तारा नेहमीच्या अल्गोलइतका तेजस्वी असतो. ययातीतील एप्सिलॉन २.९ प्रतीचा आहे. अल्गोल एप्सिलॉनहून मंद दिसला की ग्रहण चालू आहे असे समजा. अल्गोलच्या अगदी शेजारचा ऱ्हो तारा तुलनेला घेऊ नका. तो स्वतःच रूप पालटतो. रोज रात्री ठरावीक वेळी एक नोंद करा. एकदा मंदत्व सापडले की पुढचे तीन दिवसांनी, पण ३ तास ११ मिनिटे आधी येईल. रात्री एक वाजता सापडले असेल, तर चौथ्या रात्री दहाला दहा कमी असताना गच्चीवर हजर राहा.