जुनी बाकी, नवा प्रवेश: पैसे भरण्याआधी हिशेब मागा

माझी भाची 2021-22 मध्ये नांदेडच्या एका खासगी कॉलेजात बीसीएला होती. पहिलं वर्ष पार पडलं, मग घरात आजारपण आलं आणि कॉलेज सुटलं. पुन्हा शिकायचं ठरल्यावर गेल्या जूनमध्ये टीसी आणायला गेलो. खिडकीपलीकडच्या लिपिकानं जाड रजिस्टर काढलं, रकान्यावरून बोट फिरवलं आणि पाठकोऱ्या कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं आकडा लिहून दिला: 23,400. "हे भरा, टीसी घेऊन जा." पैसे कशाचे, ते चिठ्ठीवर नव्हतं. सही, शिक्का, तारीख, काहीच नव्हतं.

नांदेड-लातुरात अशी चिठ्ठी हातात पडलेली मुलं दर उन्हाळ्यात भेटतात. घरचे उसनवारी करतात, एखादा दागिना गहाण टाकतात आणि भरून मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की त्या खिडकीवर एक रुपयाही भरू नका आणि "बाकी मान्य" अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. आधी लेखी हिशेब मागा. त्याला खर्च येतो कागदाचा आणि झेरॉक्सचा.

प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा. माझ्या नावावर दाखवलेल्या बाकीचा वर्षनिहाय, बाबनिहाय तपशील, माझ्या पावत्यांची नोंद आणि शिष्यवृत्तीपोटी जमा झालेल्या रकमा लेखी द्याव्यात, एवढं पुरे. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, त्यामुळे पोस्टात वेगळं रजिस्टर मागू नका. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टाच्या दरात दहा टक्के सवलत आहे, खिडकीवर ओळखपत्र दाखवून विचारा.

भाचीच्या अर्जाला बारा दिवसांनी उत्तर आलं, आणि हिशेब वाचताच निम्मी गाठ सुटली. पहिल्या वर्षाचे शिष्यवृत्तीचे न आलेले 9,600, दुसऱ्या वर्षाचं शिक्षण शुल्क 11,000, परीक्षा शुल्क 1,300 आणि "इतर" 1,500. दुसऱ्या वर्षाचा प्रवेश अर्ज तिनं भरलाच नव्हता. तिचं नाव पुढच्या वर्षाच्या यादीत आपोआप ढकललं गेलं होतं. आम्ही लिहिलं, "सही केलेला प्रवेश अर्ज आणि परीक्षा अर्ज दाखवा." दोन्ही नव्हते. 13,800 रुपये तिथेच कमी झाले.

उरलेल्या 9,600 ची कहाणी मराठवाड्यातल्या हजारो घरांची आहे. अनुसूचित जातीच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपण अजूनही भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतो, 2021-22 पासून वेगळ्या वाटेनं येते. खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात. त्यातलं शुल्क विद्यार्थ्यानं कॉलेजात नेऊन भरायचं. आता मुलाची शाळेत असताना एका बँकेत, जनधनची दुसरीत आणि कॉलेजची तिसरीत अशी तीन खाती असतात. पैसे पडतात आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात, मूल पाहत बसतं भलत्याच पासबुकात, आणि कॉलेजच्या रजिस्टरात बाकी चढत जाते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्थिती' फुकट पाहता येते. कोणती बँक दिसते ते बघा आणि तिथलं पासबुक 2021 पासून भरून आणा. भाचीच्या जुन्या जनधन खात्यात 5,760 रुपये पडून होते. घरात कुणालाच पत्ता नव्हता.

ते पैसे कॉलेजचेच होते आणि तिनं ते भरले. इथं मला स्पष्ट बोलायचं आहे. शिष्यवृत्तीचं शुल्क खात्यात आलं आणि घरच्या अडचणीत खर्च झालं असेल, तर ती बाकी खरी आहे, तिच्यावर हरकत घेऊ नका. हप्ते मागा आणि ठरलेले हप्ते कागदावर घ्या. मात्र शासनाकडून आलीच नाही ती रक्कम मुलाच्या माथी मारणं चूक आहे. भाचीच्या उरलेल्या 3,840 साठी कॉलेजनं अखेर समाजकल्याण कार्यालयाशी पत्रव्यवहार सुरू केला.

शिष्यवृत्तीचं काय झालं हे नक्की कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय आहे. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, माहितीच्या पानाला दोन रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला सगळं मोफत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट. अनुदानित कॉलेजकडे थेट अर्ज करता येतो. विनाअनुदानित असेल तर विद्यापीठाकडे किंवा नांदेडच्या उच्च शिक्षण सहसंचालकांकडे करा.

हिशेबात आणखी दोन गोष्टी तपासा. दुष्काळ जाहीर झालेल्या भागातल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी असते. 2023 च्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या 40 तालुक्यांत लातूरचा रेणापूर होता, पुढे कितीतरी महसूल मंडळं जोडली गेली. त्या वर्षाचं परीक्षा शुल्क बाकीत दिसत असेल तर विचारा. आणि 2024-25 पासून, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं.

प्रवेश घेऊन लगेच सोडला असेल तर यूजीसीचे 2018 चे परताव्याचे टप्पे लागू होतात. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याआधी सोडल्यास पूर्ण शुल्क परत, कपात फार तर पाच टक्के आणि तीही 5,000 च्या आत. त्यानंतर नव्वद, ऐंशी, पन्नास टक्के, आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही. मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायलाही त्याच अधिसूचनेत मनाई आहे. शुल्क वसुलीसाठी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका अडवून धरणं नियमात बसत नाही.

कॉलेज ऐकत नसेल तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिच्याकडे तक्रार द्या. तिनं शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. निकाल मान्य नसेल तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील. लोकपाल विद्यापीठ नेमतं, म्हणजे नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. खर्च फक्त जाण्यायेण्याचा, आणि एसटीत महिलांना अर्धंच तिकीट आहे. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी आणि तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेले सगळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मागू शकतात. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, हेल्पलाइन 15100.

मुदतीचा मुद्दा नीट समजून घ्या. अशा येण्यासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते. ती संपण्याआधी तुम्ही बाकीची लेखी कबुली दिलीत किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली, तर तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. मुदत संपल्यावरही "देईन" असं सही करून लिहून दिलंत तर ते वचन करार कायद्याच्या कलम 25 नुसार बांधून ठेवतं. म्हणून हरकतीच्या अर्जात "माझी बाकी" असं लिहू नका, "माझ्या नावावर दाखवलेली बाकी" असं लिहा. मुदत गेली म्हणून देणं पुसलं जात नाही, त्यासाठी कोर्टात जायची वाट तेवढी बंद होते. त्याच कॉलेजात परत शिकायचं असेल तर तडजोडच बरी.

लातूर पॅटर्नच्या कोचिंग क्लासेसची गोष्ट निराळी. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2020 मध्ये शाळा-कॉलेजांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं, पण कोचिंग क्लासेसना आतच ठेवलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्क शून्य, मुदत दोन वर्षं. आधी 1915 वर फोन करा. क्लासची फी "ईएमआय"वर भरली असेल तर जपून, कारण ते फायनान्स कंपनीचं कर्ज आहे. क्लास सोडला तरी हप्ता थांबत नाही आणि सिबिलवर नोंद होते. कॉलेजची बाकी सिबिलवर जात नाही, तशी धमकी कुणी दिली तर घाबरू नका. सिबिलमध्ये चुकीची नोंद असेल तर वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल काढा आणि त्यावर हरकत नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

भाचीला अर्ज, झेरॉक्स, तिकिटं, पोस्ट आणि दोन फेऱ्या धरून पाचशेच्या आत खर्च आला, वेळ लागला सात आठवडे. म्हणून प्रवेश सुरू व्हायच्या दोन महिने आधी, एप्रिलमध्येच अर्ज टाका. तोवर पहिल्या वर्षाचे गुण डिजिलॉकरमध्ये दिसतात का ते बघा, ते ग्राह्य असतात. पैसे भरताना पावतीवर "2021-22 ची संपूर्ण व अंतिम रक्कम, यापुढे बाकी नाही" असे शब्द लिहून घ्या आणि नो ड्यूज त्याच दिवशी मागा. तिची पावती 5,760 रुपयांची आहे. ती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये टीसीच्या मागेच लावली आहे.