मुखाने की मनाने? प्रार्थनेत चित्त स्थिर ठेवण्याविषयी पाठ

शास्त्रपाठ : मत्तय ६:५-१५, १ शमुवेल १:९-१८, १ करिंथ १४:१३-१९.



वसईस, मुंबईस किंवा गोव्यास कामधंद्यानिमित्त राहिलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी रोमन कॅथलिक शेजाऱ्यांच्या घरी जपमाळेची प्रार्थना ऐकली असेल. एकाने अर्धे म्हणावे व इतरांनी उरलेले अर्धे म्हणून उत्तर द्यावे, अशी ती रीत. 'ही तर पोपटपंची' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु न्याय करण्यापूर्वी ती रीत समजून घ्यावी, आणि मग तोच प्रश्न स्वतःस विचारावा.

१. जपमाळेची रीत. नेहमीच्या माळेत ५९ मणी असतात. ६ मण्यांवर प्रभूची प्रार्थना व ५३ मण्यांवर मरियेला वंदन म्हणतात. ह्या वंदनाचा पूर्वार्ध लूक १:२८ व १:४२ यांतून घेतलेला आहे. उत्तरार्धात मरियेने पाप्यांसाठी विनंती करावी अशी याचना आहे. दहा-दहा मण्यांचे पाच गट असून प्रत्येक गट म्हणताना एक 'रहस्य', म्हणजे बहुधा प्रभूच्या चरित्रातील एक प्रसंग, मनापुढे ठेवावयाचा असतो. पूर्वी अशी १५ रहस्ये होती. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणखी ५ जोडली. तात्पर्य, बोटांस मणी, ओठांस शब्द व मनास प्रसंग, असे प्रत्येकास काम नेमून दिले आहे.

आपण मरियेकडे याचना करीत नाही, कारण आपणांस एकच मध्यस्थ आहे (१ तीमथ्य २:५). ह्या बाबतीत आपण दृढ असावे. तथापि ओठ एकीकडे व मन दुसरीकडे हा रोग केवळ माळेचा नव्हे.

२. दोष कशात आहे? पुष्कळ बोलल्याने देव ऐकेल, ह्या समजुतीचा प्रभूने निषेध केला (मत्तय ६:७). परंतु गेथशेमानेत त्याने स्वतः तेच शब्द पुन्हा उच्चारले (मत्तय २६:४४), आणि १३६व्या स्तोत्रात देवाच्या दयेचे एकच वचन २६ वेळा आले आहे. यावरून पुनरुक्ती हे पाप नव्हे. रिकामे अंतःकरण हे पाप होय. उपासनेत प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणताना ज्याचे मन सावकाराच्या दारी उभे असते, त्याने शेजाऱ्याच्या माळेस हसू नये.

३. मोठ्याने की मनात? शास्त्रात दोन्ही रीती आहेत. हन्नेचे ओठ मात्र हालत होते, शब्द ऐकू येत नव्हता. एली याजकाने तिला मद्यपी समजले, पण देवाने तिचे ऐकले. उलटपक्षी, प्रभूने मोठा आक्रोश करून प्रार्थना केली (इब्री ५:७). जो एकटा असून ज्याचे मन भटकते, त्याने हळू पण ऐकू येईल असे बोलावे. स्वतःचा कान मनाची राखण करतो. शेतात, गाडीत किंवा आजाऱ्याच्या उशाशी मनातल्या मनात करावी. मात्र अंथरुणावर पडून मूक प्रार्थना केल्यास निद्रा लवकर येते. उपदेशकांस विशेष सूचना अशी की, चार घरी प्रार्थना करावी लागली म्हणजे जीभ आपोआप चालू लागते. यास्तव दारात शिरण्यापूर्वी त्या घरची एक गरज मनात धरावी, आणि लोकांस समजून 'आमेन' म्हणता येईल असे थोडकेच बोलावे.

४. ल्यूथरचा उपाय. १५३५ साली मार्टिन ल्यूथर याने पेत्र नावाच्या न्हाव्यासाठी प्रार्थनेविषयी एक लहान पुस्तक लिहिले. वस्तरा चालविताना न्हाव्याचे लक्ष ढळले तर गिऱ्हाईकाचे नाक किंवा गळा कापेल. तद्वत प्रार्थनेसही सर्व मन लागते, असे त्याने त्यास समजाविले. दहा आज्ञांपैकी प्रत्येकीची चार पदरी माळ गुंफावी, असे तो शिकवितो : शिकवण, उपकारस्मरण, पापकबुली व विनंती. ही माळ निरक्षर मनुष्यासही गुंफता येते. रोजच्या भाकरीची विनंती घ्या. शिकवण : भाकर देवाच्या हातची आहे, आणि ती एकट्यासाठी मागावयाची नाही. उपकार : काल चूल पेटली. कबुली : शेजारच्या विधवेची चूल पेटली नाही, हे ठाऊक असून मी गप्प राहिलो. विनंती : आज जे उणे आहे, त्याचे नाव घ्या. एवढ्यावरच मन भरून आले तर तेथेच थांबावे. उरलेले शब्द पुरे करण्याची घाई नको.

५. मन भटकल्यास. स्वतःवर चिडू नये व पुन्हा आरंभापासून सुरुवातही करू नये. ज्या शब्दापाशी वाट चुकली तेथे परत यावे. आजारी बैल, लेकीचे लग्न, थकलेले कर्ज हे विचार पुनःपुन्हा येत असतील तर त्यांना हाकलू नका. त्यांनाच देवापुढे मांडा. जो विचार प्रार्थना मोडीत होता, तोच प्रार्थना होईल.

विचारासाठी प्रश्न :
(१) हन्नेच्या प्रार्थनेत शब्द ऐकू आले नाहीत, तरी ती खरी का होती?
(२) प्रभूच्या प्रार्थनेतील कोणती विनंती आपण लक्ष न देता म्हणतो? का बरे?
(३) ह्या आठवड्यात रोज एक विनंती घेऊन तिची चार पदरी माळ घरच्या मंडळींबरोबर गुंफा. कोणता पदर सर्वांत कठीण गेला?