घरगुती ध्वनिवर्धक : ट्रान्सफॉर्मर व हीटसिंकची निवड

ध्वनिवर्धक बांधू इच्छिणारा विद्यार्थी प्रथम आयसी निवडतो. आयसीचे आयुष्य मात्र ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक ठरवितात. विद्यार्थ्यांच्या आवडीचा टीडीए २०३० घेऊ. त्याची कमाल मर्यादा धन-ऋण १८ व्होल्ट. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो व हिशेबही निर्धोक वाटतो : १२ गुणिले १.४१, वजा डायोडचा एक व्होल्ट, म्हणजे १६. परंतु हे १२ व्होल्ट पूर्ण भारावरचे. भार नसताना लहान ट्रान्सफॉर्मर दहा टक्के तरी अधिक देतो. त्यात रात्री वीजपुरवठा २५० वर चढला की आकडा १९ ओलांडतो. म्हणून ९-०-९ घ्यावा. आवाज थोडा कमी मिळेल, तो सोसावा.

चार ओहमच्या स्पीकरवर या आयसीत जास्तीत जास्त सुमारे ७ वॅट उष्णता निर्माण होते. खोली ४० अंशांवर व आयसीचा गाभा १२० वर धरल्यास प्रत्येक वॅटमागे सुमारे ११ अंश हाती येतात. त्यांपैकी ३ आयसीच्या आत आणि १ अभ्रकात जातो. म्हणजे हीटसिंक प्रतिवॅट ७ अंश किंवा त्याहून कमी तापणारा हवा. एकाच हीटसिंकवर दोन आयसी असतील तर साडेतीन. त्याच्या पात्या उभ्या ठेवाव्यात. आयसीची धातूची पाठ ऋण पुरवठ्याशी जोडलेली असते, तेव्हा अभ्रक वगळू नये. २३० व्होल्टच्या बाजूस फ्यूज व धातूच्या पेटीस अर्थिंग दिल्यावाचून खटका दाबू नये.