झाडावरील खवले कीड : ओळख, वेळ आणि उपाय

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपल्यावर एक शेतकरी बंधू पेरूची डहाळी घेऊन आमच्याकडे आले. डहाळीवर तपकिरी रंगाच्या, मसुराच्या डाळीएवढ्या पुटकुळ्या ओळीने बसल्या होत्या. पाने चिकट झाली होती व त्यांच्यावर काजळी धरली होती. ते म्हणाले, "फादर, झाडांना खरूज झाली आहे. दुकानदार जहाल औषध देतो म्हणतो. ते मारू, की झाडे तोडून टाकू?" झाडे वीसच, पण मुलांच्या शाळेचा खर्च त्यांच्यावर चालतो.

आम्ही एक पुटकुळी नखाने खरवडली. तिच्याबरोबर साल निघाली नाही. टिकली निघावी तशी ती अलगद सुटली, आणि नखाला ओलसर रस लागला. ही खरूज नव्हे आणि सालीचा रोगही नव्हे. ही जिवंत कीड आहे. तिला खवले कीड म्हणतात. अनेकांच्या परसात ती असते, पण ती हलत नसल्याने ओळखू येत नाही. म्हणून आजचा पाठ तिच्याविषयी आहे.

ही कीड जुनी आहे

खवले किडीचे हजारो प्रकार जगभर आहेत. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत ओक नावाचे झाड आहे. त्याच्या डहाळ्यांवर वाटाण्यासारखी गोल खवले कीड बसते. ती इतकी निश्चल असते, की प्राचीन लोक तिला झाडाचे फळ किंवा दाणा समजत. हे 'दाणे' नखांनी खरवडून, वाळवून त्यांच्यापासून लाल रंग काढीत. या किडीचे अरबी-फारसी नाव किर्मिज. त्यावरून आपला 'किरमिजी' शब्द आला, आणि त्याचे नाते 'कृमि' या शब्दाशी आहे. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या पडद्यांसाठी किरमिजी सूत सांगितले आहे. तेथील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थही किडा असाच आहे. आपल्याकडे पळस, बोर व कुसुम यांच्यावर लाख तयार करणारा कीटक हादेखील याच कुळातला.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मोठा ओक अंगावर खवले घेऊन वर्षानुवर्षे उभा राहतो. रोपटे किंवा कुंडीतले झाड मात्र लवकर खचते. शहरात राहणारी आपली मुले गच्चीत वड-पिंपळाचे बोन्साय ठेवतात. त्या वीतभर झाडात रसाचा साठा थोडा, म्हणून पन्नास खवलेही त्याला भारी पडतात. तेव्हा प्रथम झाड किती मोठे व किती सशक्त आहे ते पाहावे, मग उपाय ठरवावा.

कीड कशी जगते?

मादी एका जागी बसते, सुईसारखी सोंड झाडात खुपसते आणि रस पीत राहते. पाठीवर मेणाचे किंवा कातडीचे कवच असते. त्या कवचाखाली ती अंडी घालते. काही जातींत ही अंडी शेकड्यांनी असतात. अंड्यांतून धुळीच्या कणाएवढी, सहा पायांची पिल्ले निघतात. ती एक-दोन दिवस फांदीवर रांगतात, कोवळी जागा शोधतात आणि तेथेच बसतात. काही पिल्ले वाऱ्याने किंवा आपल्या कपड्यांना लागूनही दुसऱ्या झाडावर जातात. बसल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्यावर कवच चढू लागते.

आता विचार करा. कवच चढलेल्या किडीवर औषध मारले तर ते कवचावरून ओघळून जाते. पिल्ले उघडी असताना मात्र साध्या साबणाच्या पाण्यानेही मरतात. म्हणजे औषध किती जहाल आहे यापेक्षा ते कोणत्या वेळी मारले हे महत्त्वाचे. ही वेळ ओळखण्यासाठी कीड असलेल्या फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. कागदावर पिवळसर कण पडून चालू लागले, तर पिल्ले निघाली आहेत असे समजावे. दुसरी रीत अशी : दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी डहाळीभोवती गुंडाळावी व दर दोन दिवसांनी भिंगातून पाहावी.

चिकटा, काजळी आणि मुंग्या

मऊ कवचाची खवले कीड गोड चिकटा बाहेर टाकते. तो पानांवर पडतो व त्यावर काळी बुरशी वाढते. ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही, पण ऊन अडवते. चिकट्यासाठी मुंग्या येतात. त्या किडीचे शत्रू हुसकावून लावतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली, की वर काय आहे ते पाहावे. कठीण कवचाची खवले कीड चिकटा टाकत नाही. तेथे पिवळी पाने व शेंड्याकडून वाळणारी डहाळी हीच खूण.

कुंडीतील व लहान झाडांसाठी

१. झाड इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे.
२. जुना दातांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून खवले हलक्या हाताने घासून काढावेत. कुंडीतील माती आधी प्लॅस्टिकने झाकावी, म्हणजे साबण मुळांत जाणार नाही.
३. सांध्यात अडकलेल्या किडीला कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावावे. आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. स्पिरिट दिव्यापासून व मुलांपासून दूर ठेवावे.
४. आठ-दहा दिवसांच्या अंतराने हेच तीन-चार वेळा करावे, कारण सगळी अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत.

बागेतील झाडांसाठी

१. फार कीड असलेल्या डहाळ्या कापून जाळाव्यात. झाडाच्या आत ऊन-वारा खेळेल अशी विरळणी करावी.
२. खोडाला कापडाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावावे. सालीवर थेट ग्रीस लावू नये. भिंतीला व जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, नाही तर मुंग्या दुसऱ्या वाटेने चढतील.
३. पिल्ले निघालेली दिसताच एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व ते मिसळण्यापुरता थोडा साबण घालून फवारावे. पानांची खालची बाजू व सांधे ओले झाले पाहिजेत. दहा दिवसांनी पुन्हा फवारावे.
४. फवारणी ऊन उतरल्यावर करावी. तहानलेल्या झाडावर व फुलोऱ्यात करू नये.
५. युरिया बेताने द्यावा. फार कोवळी, रसाळ फूट किडीला आवडते.

उसातही खवले कीड येते. ती पाचटाखाली कांड्यांवर राखाडी थर करते आणि बेण्याबरोबर नव्या शेतात जाते. म्हणून बेणे निवडताना पाचट सोलून कांडे पाहावे. कीड दिसली तर ते बेणे लावू नये.

जहाल औषधाचा मोह

आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आवारातल्या कुंडीतील लिंबावर खवले आले. आम्ही घाईघाईने रॉकेल व साबण अंदाजाने कालवून भर दुपारी मारले. चार दिवसांत पाने करपून गळाली. खवले मात्र फांदीवर तसेच होते. लिंबाला सावरायला वर्ष लागले.

जहाल औषधाचे नुकसान याहून मोठे असते, कारण ते आपल्या मित्रांना मारते. खवल्यावर बारीक गोल भोक दिसले, तर समजा की एक सूक्ष्म गांधीलमाशी किडीला आतून खाऊन बाहेर पडली. ढालकिडेही खवले खातात. क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात कॉफीवरील खवले किडीसाठी आणला गेला. त्याची अळी पांढऱ्या लोकरीची असते, म्हणून पुष्कळजण तिलाच पिठ्या ढेकूण समजून चिरडतात. पिठ्या ढेकूण स्पर्श केला तरी फारसा हलत नाही. ही अळी मात्र भराभर चालते. चिरडण्यापूर्वी एवढे पाहावे.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या संत्राबागा एका पांढऱ्या खवले किडीने उजाड होत चालल्या होत्या. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक लहान ढालकिडा आणून सोडला, आणि थोड्याच काळात बागा वाचल्या. आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण पपईचे. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरील पिठ्या ढेकूण आढळला व तो पुढे कर्नाटक-महाराष्ट्रातही आला. हा खवले किडीचाच भाऊबंद. फवारण्या करूनही तो आटोक्यात येईना. २०१० मध्ये पोर्टो रिको बेटावरून एक सूक्ष्म गांधीलमाशी आणून सोडली, तेव्हा तो हटला.

रासायनिक औषधाची गरज पडलीच, तर कृषी अधिकाऱ्याला डहाळी दाखवून विचारावे. वेष्टनावरील प्रमाण व फळ तोडण्यापूर्वी थांबायचे दिवस पाळावेत. तोंडाला फडके, हातात मोजे व अंगभर कपडे घालावेत. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. गर्भवती स्त्रिया व मुले जवळ नसावीत. औषध अंगावर सांडले तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे. चक्कर, घाम किंवा मळमळ वाटल्यास औषधाची बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. रिकाम्या डब्यात पाणी किंवा धान्य कधीही ठेवू नये.

कीड गेली हे कसे ओळखावे?

मेलेले खवले महिनोन् महिने फांदीला चिकटून राहतात. ते पाहून "औषध लागू पडले नाही" असे समजून पुन्हा पुन्हा फवारू नये. काही खवले नखाने दाबावेत. रस निघाला तर कीड जिवंत आहे. कोरडा भुगा निघाला तर ती मेली आहे. नवी फूट स्वच्छ आली आणि मुंग्यांची रांग थांबली, की झाड सावरले म्हणावे.

त्या बंधूंनी झाडे तोडली नाहीत. कीड लागलेल्या डहाळ्या जाळल्या, खोडांना पट्ट्या बांधल्या आणि पिल्ले पाहून दोनदा निंबोळी तेल मारले. परवा ते पुन्हा एक डहाळी घेऊन आले. जुन्या भागावर कोरडे खवले होते. पुढची नवी पाने हिरवी व स्वच्छ होती. दोन झाडे वाळली, अठरा राहिली.

या रविवारी दुपारी मुलांना बरोबर घेऊन परसातला पेरू, सीताफळ, लिंबू व कढीपत्ता पाहा. पानाची खालची बाजू उलटून पाहा व एखादी पुटकुळी नखाने खरवडून पाहा. शंका आली तर डहाळी कागदात नीट गुंडाळून आणा, म्हणजे पिल्ले वाटेत सांडणार नाहीत. आपण मिळून पाहू.