कवितेचा मुलामा नको

लातूर

चि. सोनूस,


नांदेडच्या सराफाची आणि लातूरच्या चपलांच्या दुकानाची, दोन्ही जाहिरात-फिल्मची कामं तुलाच मिळाली, हे ताईकडून कळलं. तू पाठवलेलं टिपणही वाचलं. धुकं, पांढरा घोडा, संथ चाल, मागे कुजबुजता आवाज. देखणं आहे. पण त्यातली ठुशी काढून तिथे अत्तराची बाटली ठेवली, तर एक ओळसुद्धा बदलावी लागत नाही. वस्तूवर बाहेरून कवितेचा मुलामा चढवू नकोस. तिच्यातच काय आहे ते आधी बघ.

त्यासाठी गंजगोलाईत ये. 1917 साली बांधलेल्या त्या गोल इमारतीला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोनं, चपला-जोडे, मिरची, गूळ, सगळे बाजार त्या रस्त्यांवर. तुझ्या दोन्ही फिल्मचे विषय तिथे हाकेच्या अंतरावर भेटतील. कॅमेरा पिशवीतच राहू दे आणि एखाद्या सराफाच्या पेढीवर कोपऱ्यात बस. आपल्याकडे सोनं लग्नाच्या हिशेबाने चालतं तसं शेताच्याही. सोयाबीनचा पैसा हाती आला की दिवाळीला पाटल्या होतात. पेरणीच्या तोंडावर त्याच पाटल्या गहाण पडतात. अशा पाटल्या सोडवून आणलेल्या बाईचं मनगट हा तुझा विषय. सराफ म्हणेल, गहाण हा शब्द नको. बरोबर आहे त्याचं, त्याला माल विकायचाय. मग शब्द न वापरता दाखव: उन्हाने रापलेल्या हातावर पाटलीच्या जागेचा उजळ पट्टा, आणि पुढच्या दृश्यात त्यावर बरोबर बसलेली पाटली.

आपल्या पुण्याच्या गौरी शिंदे यांनी 2013 मध्ये तनिष्कसाठी केलेली जाहिरात पुन्हा बघ. आईच्या दुसऱ्या लग्नात लहानगी लेकही फेऱ्यांत सामील होते, एवढीच संकल्पना. नवरीच्या अंगावर दागिने आहेत, पण लक्षात राहते ती लेक. तुझी कल्पनाही अशी एका वाक्यात, तीही आजीला कळेल अशा, सांगता आली पाहिजे. सांगता येत नसेल, तर ती अजून झालेली नाही.

चपलांचं काम जास्त अवघड, कारण पायाकडे आपण बघतच नाही. लातूर पॅटर्नच्या नादाने खेड्यापाड्यांतून पोरं इथे शिकायला येतात. एसटीतून उतरणारे ते पाय बघ. घरून निघताना घेतलेल्या कोऱ्या बुटांना टाचेला कापूस लावून चालणारा पोरगा तुला दिसेल. तुझ्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याचं जोडाघर आहे. अनोळखी माणसाचे जोडे सांभाळणं, पुसणं ही शीख परंपरेत सेवा. विषय मोठा आहे, म्हणूनच तो विकायला काढू नकोस. तिथला भाव मनात ठेव, जागा मात्र फिल्ममध्ये आणू नको.

आणि चप्पल बनवणाऱ्याचं नाव गाळू नकोस. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. 2019 पासून भौगोलिक मानांकन असलेली ही वस्तू. गदारोळ झाल्यावर कंपनीला तिचं मूळ मान्य करावं लागलं. तुझ्या फिल्ममध्ये कारागिराचे हात घेतलेस, तर शेवटच्या पाटीवर त्याचं नाव, आणि हातात त्या दिवसाची मजुरी, दोन्ही दे.

आता थोडं कामाचं. पॉलिश केलेल्या सोन्यात कॅमेऱ्यासकट तू स्वतः दिसतेस. चहूबाजूंनी बटर पेपर लाव, प्रकाश त्यातून गाळून घे, आणि कड उठून दिसायला काळ्या कापडाची पट्टी धर. मोत्याला मऊ उजेड लागतो. हिरा मात्र त्यात मरतो, त्याला बारीक, टोकदार दिवा हवा. दुकानाची ट्यूबलाइट आणि तुझे दिवे एकत्र आले की सोनं हिरवट दिसतं, म्हणून ट्यूब बंद करायला लाव. बुटात कागद भरून आकार धरून ठेव, कॅमेरा जमिनीलगत ने, बुटांचे तळ प्रत्येक टेकनंतर पूस. पावलांचा, पैंजणांचा आवाज वेगळा रेकॉर्ड कर. पार्श्वसंगीत त्यानंतर, लागलंच तर. ऐवज पेढीचा माणूस सोबत असल्याशिवाय हातात घेऊ नकोस, आणि घेताना व परत देताना वजनाची नोंद दोघांच्या सह्यांनी कर.

पैशाचं आधी लिहून घे. निम्मे आगाऊ, आणि बदल किती वेळा करून देणार तेही त्याच कागदावर. सराफ घरचा असला तरी.

धुकं नि घोडा मी खोडले आहेत, रागावू नकोस. दोन्ही फिल्मचं एकेक वाक्य लिहून पाठव. ते जमलं की दिव्यांचं भाडं आपण मिळून ठरवू.

तुझा,
मामा